साडू आणि चिचनाल्याचं जनावर

नागपुरापासून उमरेडपर्यंतच्या टापूत असा एकही दगड उरला नसेल, ज्याला आमच्या साडूंची जीभ लागलेली नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लकडगंजात त्यांची लाकडाची टाल, म्हणजे वखार, आहे, सागाच्या व्यवहारात त्यांचा शब्द चालतो, आणि माणूस चारचौघांत कडक इस्त्रीच्या सदऱ्यात वावरणारा. पण वाटेत वेगळ्या रंगाचा दगड दिसला की ते तो उचलतात, त्याच सदऱ्याला पुसतात आणि लहान मूल कुल्फी चाटतं तसा चाटतात. याला कारण आहे. तरुणपणी त्यांच्या टालीवर एक संशोधक पेट्या बनवून घ्यायला आला होता. त्यानं जाता जाता सांगितलं, की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हाडांचा दगड होतो खरा, पण त्यात बारीक छिद्रं शिल्लक राहतात. असं हाड ओल्या जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. संशोधक पेट्या घेऊन गेला तो पुन्हा काही आला नाही. साडूंची जीभ मात्र त्या दिवशी बाहेर आली ती आलीच.

आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला पाहुणे गॅलरीच्या वाऱ्याचं कौतुक करत होते, तेव्हा साडू स्वयंपाकघरात ओट्याशी वाकलेले होते. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी भरल्या बैठकीत जाहीर केलं, "काई काळजी नाई. ग्रॅनाइटच आहे." काळजी कोणाला होती हे आजवर कळलेलं नाही. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई सांगतात, "मले पाहाले आले तेव्हा सारे लोक माझ्याकडं पाहून राहिले होते, अन् हे उंबरठ्याकडं. मले वाटलं, लाजरे असतीन. लग्न झाल्यावर समजलं, उंबरठ्याचा दगड पसंत पडला होता."

एवढं चाटून त्यांना सापडलं काय, तर काहीच नाही. दर सोमवारी ते आदल्या दिवशीची जमा थैलीत घालून एका कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे जायचे. मॅडम वयानं लहान, पण धीराच्या. थैलीतला एकेक नग हातात घेऊन त्या शांतपणे सांगायच्या, "काका, हे सिमेंट आहे." "काका, हा जात्याचा तुकडा आहे." एकदा त्यांनी नग हातातच घेतला नाही. म्हणाल्या, "काका, हे कमोडचं आहे. आणि तुम्ही हे चाटलंय?" साडू जराही न डगमगता म्हणाले, "पण चिकटलं तं होतं!"

सतत जमिनीकडे पाहून चालत असल्यामुळे ते माणसांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत, पायताणांनी ओळखतात. एका लग्नात माझी नवी चप्पल कोणीतरी घालून गेलं. मी बूड झाडून अनवाणी घरी जायच्या तयारीत होतो. साडू पंगतीच्या बाजूनं वाकून एक फेरी मारून आले आणि मला नेऊन थेट एका गृहस्थाच्या पायांपुढे उभं केलं. गृहस्थ निघाले नवरदेवाचे मामा. मोठा गोंधळ झाला. पुढे कधी या मामांचा विषय निघाला की साडू विचारतात, "कोण गा ते?" चप्पल मात्र त्यांना अंगठ्यासकट आठवते. आणि वेळेचं तर विचारूच नका. टालीवर गिऱ्हाईक ताटकळलं, बस निघून गेली, ताईंची भाजी निवली, तरी त्यांचं एकच उत्तर ठरलेलं: "साडेसहा कोटी वर्षांत अर्धा तास काय घेऊन बसला?"

आता थोडं माझ्याबद्दल लिहावं लागेल, आणि ते मला जमत नाही. मी मुळातच कमी बोलणारा. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस निवृत्त झाला तेव्हा भाषणात म्हणाला, की यांचा आवाज मी आजच ऐकला. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, ती आता लिहून टाकतो. आई दवाखान्यात होती. सकाळची वेळ. डॉक्टर फेरीला यायला अवकाश होता, म्हणून मी खाली चहा प्यायला गेलो. वर आलो तेव्हा ती गेलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "तुमचं नाव घेऊन बोलावून राहिल्या होत्या." बस, एवढंच. मला कोणी बोल लावला नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. पण तेव्हापासून कोणी मला नावानं हाक मारली की तोंडातून "ओ" निघायची नाही. कचेरीत लोकांना वाटलं, ऐकू कमी येतं. बायकोनं कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान स्वच्छ करून दिले. त्यामुळे हाका आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागल्या.

अशात एका रविवारी सकाळी साडू स्कूटरवर आले. त्यांनी खालून माझ्या नावाचा असा पुकारा केला, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. मी ओ दिली नाही. मग ते जिना चढून वर आले, माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, बघितलं आणि म्हणाले, "चप्पल घाल."

"कुठं जायचंय, भाऊजी?"

"हाडं पाहाले."

सांत्वनाचा एक शब्द नाही. आईचं नावसुद्धा नाही. उमरेड रोडला थांबून त्यांनी मला तर्रीपोहे खाऊ घातले, तर्री दुसऱ्यांदा मागवली, आणि मग आम्ही चिचनाल्याला गेलो. खैरी आणि सावंगी अशा दोन गावांच्या मधून हा नाला जातो. त्याच्या काठाला काळ्या मातीखाली एक पांढुरका पट्टा उघडा पडला आहे, आणि हाडं निघालीच तर याच पट्ट्यात निघतील असा साडूंचा फार जुना विश्वास. ते काठाकाठानं चाटत निघाले. मी एका बाभळीखाली लांबुळक्या दगडावर बसलो.

मग ते दर रविवारचं झालं. ते चालायचे, मी बसायचो. दगड तोच. कोणी आलं-गेलं तर बोलावं लागू नये म्हणून मी बसल्याबरोबर डबा उघडायचो आणि पोळीचा एकेक घास इतका सावकाश चावायचो, की दुपार सरायची. साडूंनी त्या काठावरचा एकूण एक दगड चाटून पाहिला. माझ्याखालचा तेवढा राहिला. कारण जेवत्या माणसाला उठवायचं नाही, ही आमच्या सासऱ्यांच्या घरची शिस्त. घराला आग लागली तरी ते म्हणत, पाहुण्याचा भात होऊ द्या. ती शिस्त दोन्ही जावयांच्या अंगात मुरलेली. साडू माझ्या भोवती घिरट्या घालायचे, दगडाच्या दोन्ही टोकांकडे पाहायचे आणि विचारायचे, "झालं का गा जेवण?" मी मान हलवून नाही म्हणायचो. ते पुढे जायचे.

एक दिवस मला मुंगळा चावला. मी ओरडून उठलो, डबा उपडा झाला, आणि मी पाय झटकतो आहे तोवर साडू गुडघ्यांवर बसून माझ्या दगडाला जीभ लावून मोकळे झाले. मग काही हलेचनात. डोळे मोठे झालेले. बोलता येईना, कारण जीभ दगडाला. आणि जीभ काढवेना, कारण पुन्हा चिकटेल की नाही याचा भरवसा नाही. हातवारे करून त्यांनी मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मला वाटलं, त्यांनाही मुंगळा चावला. शेवटी त्यांनी जीभ सोडवली, तळहातानं माती बाजूला सारली, त्या दगडाची दोन्हीकडची फुगीर टोकं मोकळी केली आणि माझ्याकडे, पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे, पाहून म्हणाले, "अबे, हे मांडीचं हाड आहे! तू इतके दिवस याच्या मांडीवर बसून जेवून राहिला होता!"

सोमवारपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. मॅडम त्याच संध्याकाळी आल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं, फुटपट्टी लावली. मग आमच्याकडे पाठ करून त्यांनी हळूच जीभ लावून बघितली, ते आम्ही दोघांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढे रीतसर परवानग्या आल्या, मॅडमचे विद्यार्थी आले, खोदकाम झालं. जनावर डायनोसॉरांतलं, झाडपाला खाणारं होतं, मान लांब, शेपटी लांब, आणि अंगानं एवढं, की साडूंच्या टालीत उभं केलं असतं तर लाकूड कापायची आरामशीन बाहेर काढावी लागली असती. हाडांना गोणपाट आणि प्लॅस्टर गुंडाळून पेट्यांत ठेवायचं होतं. मॅडमनी हलक्या फळ्या सांगितल्या. साडू भडकले. "माझा पाहुणा निलगिरीच्या खोक्यात जाईन? इतक्या वर्षांनी आला तो!" पेट्या सागाच्या झाल्या, वर पॉलिशसुद्धा झालं.

भांडण लागलं ते नावावरून. मांडीचं हाड खैरीच्या हद्दीत, शेपटीचे मणके नाल्यापलीकडे सावंगीच्या हद्दीत. खैरीचे सरपंच म्हणाले, "नाव आमच्या गावाचं. जनावर मांडीवर उभं राहाते, शेपटीवर नाई."

सावंगीच्या सरपंचबाई कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "काहून गा भाऊ? शेपटी मागं असते ना? मंग ते आमच्या गावातून निघून तुमच्याकडं चाललं होतं. राहणारं आमचं. तुमच्याकडं नुसतं मराले आलं."

साडू मध्ये पडले. "भांडू नका ना. तेव्हा हा नालाच नोता. एकच गाव होतं मना."

"मंग ग्रामपंचायत कोणाची होती?" दोघांनी एकदम विचारलं.

मॅडमनी तोडगा काढला. अशा जनावराच्या नावाचे दोन भाग असतात. साडू ते सगळ्यांना समजावत फिरले, "शाळेच्या हजेरीसारखं, आडनाव आधी." आडनाव नाल्याचं ठेवू, असं मॅडम म्हणाल्या; नाल्याचं पाणी दोन्ही गावांच्या शेतांना. ते दोन्ही सरपंचांना पटलं. राहिलं पाळण्यातलं नाव. ते मॅडमना शोधणाऱ्याचं द्यायचं होतं, म्हणजे साडूंचं. इतकी वर्षं जिभेची साल काढून घेणाऱ्या माणसाला याहून मोठं काय मिळणार होतं? साडूंनी मात्र माझ्याकडे बोट केलं. "मी नाई शोधलं. यानं शोधलं. मी सारी उमर चालून राहिलो मनून मले नाई सापडलं. हा बसला मनून सापडलं. याचं नाव टाका."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता आलं नाही, आणि माझ्या गप्प राहण्याला सगळ्यांनी विनय समजून कौतुक केलं. बायकोनं माहेरी फोन केले. कचेरीत पेढे मागितले गेले. मी मात्र आतून पार खचलो. एक तर साडूंच्या आयुष्याची हौस मी फुकटात लाटत होतो. आणि दुसरं म्हणजे ते नाव. जगातली माणसं पुस्तकांतून, संग्रहालयांतून माझं नाव घेणार, कायमचं घेणार, आणि मी कुठेच जागेवर नसणार.

नाव जाहीर करणारा मॅडमचा लेख पाठवायची वेळ जवळ आली. त्या रविवारी आम्ही दोघंच चिचनाल्याला गेलो. हाड नेलेल्या खड्ड्याच्या काठावर बसलो. मी म्हणालो, "भाऊजी, माझं नाव नको."

"काहून?"

मग मी सांगितलं. दवाखाना, शेजारची खाट, खालची टपरी, सगळं. आयुष्यात एका दमात मी इतकं कधी बोललो नव्हतो. साडूंच्या हातात एक पांढरा खडा होता. तो त्यांनी चाटला नाही. नुसता फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "चहा कसा होता?"

"पाणी होतं नुसतं."

"मंग तं लयच वाईट झालं गा," ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. मला रडू आलं. ते जमिनीकडे पाहत होते, नेहमीसारखे, त्यामुळे मला मोकळेपणानं रडता आलं. मग ते उठले, पँटवरची माती झटकली आणि म्हणाले, "चाल, साडभाऊ."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, पण ते मला कधी म्हणत नसत. आता फोनवर, जिन्याखालून, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे साडभाऊ. कोणी कारण विचारलं तर सांगायचे, "नाव विसरलो मी याचं. चप्पल याद आहे."

दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडे गेले. "मॅडम, माणसाचं नाव राहू द्या. नातं टाका."

"कोणतं नातं, काका?"

"साडू."

मॅडम हसल्या, पण त्यांनी ते मान्य केलं. नावाच्या शेवटी कोणता लॅटिन प्रत्यय लावायचा याचे नियम आहेत म्हणे. एका माणसाच्या नावाला एक, अनेकांच्या नावाला दुसरा. साडूंनी एकवचन मागितलं होतं, म्हणजे मी एकटा. मॅडमनी न विचारता अनेकवचन लावलं. असं ते जनावर चिचोसॉरस साडुओरम झालं, दोन्ही साडूंचं. मी आभार मानायला गेलो तेव्हा मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली. "तुमचं नाव द्या म्हणून काका का हट्ट करत होते, माहीत आहे? मला म्हणाले, तो कोणाच्या हाकेले ओ देत नाई. इतक्या मोठ्या जनावराचं नाव झालं तं देईन." मॅडमचे आभार मानायचे तसेच राहिले. मी जिना उतरलो. मला वाटत होतं, हा कानांचा नाही, हाकेचा प्रश्न आहे हे कोणाला दिसत नाही. जमिनीकडे पाहून चालणाऱ्या माणसानं ते पहिल्याच रविवारी पाहिलं होतं.

घरी मात्र नावावरून नवीन वाद झाला. ताई म्हणाल्या, "आम्ही दोघी बहिणी मनून तुम्ही दोघं साडू. अन् नावात आमचा पत्ताच नाई!" साडूंनी पुढचं हाड दोघी बहिणींचं, असं कबूल करून सुटका करून घेतली.

आणि खरा वाद तर अजून मिटलेला नाही. दूरच्या एका विद्वानांनी लिहिलं आहे, की हे जनावर नवीन नाहीच. फार पूर्वी दुसरीकडे सापडलेल्या, आधीच नाव दिलेल्या जनावराचंच हे भावंड आहे, आणि शास्त्राच्या नियमानं जुनं नाव टिकतं, नवं पुसलं जातं. मॅडम उत्तर लिहीत आहेत. मी ते वाचून अस्वस्थ झालो. साडूंनी मला समजावलं. "उमरेडच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकते ना माणूस? ज्याचा रुमाल आधी, त्याची शीट. आपल्या शीटवर कोणाचा तरी जुना रुमाल आहे, असं मनते तो."

"मग आपण काय करायचं?"

"काय करायचं? उभ्यानं जाऊ. गाडी तं तेच आहे ना."

आता साडूंचे गुडघे चालू देत नाहीत. टाल मुलाकडे आहे. पण रविवार सुटलेला नाही. फक्त कामं बदलली आहेत. चिचनाल्याला गेल्यावर ते बाभळीखाली घडीची खुर्ची टाकून बसतात, आणि काठाकाठानं मी चालतो. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी दगड उचलतो, पुसतो आणि जीभ लावतो. आजवर काही चिकटलं नाही. त्यांचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. एकदा सुरुवात केली होती, तर ते म्हणाले, "दगड पाह्य, माझ्याकडं काय पाहून राहिला?" म्हणून हे लिहिलं. ते वाचणार नाहीत. कागदाला चव नसते, असं त्यांचं मत आहे.

मागच्या रविवारी मी नाल्याच्या पार पलीकडे, सावंगीच्या अंगाला पोचलो होतो. मागून हाक आली. साडभाऊ नाही. माझं नाव, पूर्ण, अख्ख्या शिवारात घुमेल असं. किती वर्षांनी. मी थबकलो. बाभळीखाली ते खुर्चीतून अर्धे उठून उभे होते, हात हलवत. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "ओ! आलो, आलो!" आणि मी नाला ओलांडून, चिखलात एक चप्पल सोडून, पळत सुटलो. धापा टाकत समोर उभा राहिलो.

"काय झालं, भाऊजी? काय पाहिजे?"

त्यांनी माझ्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. मग थर्मासचं झाकण माझ्यापुढे धरलं.

"काई नाई. चहा थंडा होऊन राहिला."